पहाटेचं पान

मावशीच्या अंगणातलं संत्र्याचं कलम मी पहिल्यांदा पाहिलं ते मे महिन्यातल्या एका दुपारी, आणि तिथेच माझं चुकलं. दुपारी दोन वाजता रायपूरमध्ये कुठलंही झाड आजारीच दिसतं. पानं मधल्या शिरेवर दुमडून होडीसारखी झालेली, कडा करपलेल्या, शेंड्याची पानं पिवळी. उंची जेमतेम कमरेएवढी. आदल्या जुलैत मावशीनं ते नागपूरहून रेल्वेनं, पायाशी जपून ठेवून आणलं होतं. दिवाळीपर्यंत त्याला दोनदा पालवी फुटली. होळीनंतर मात्र त्याची रया गेली. शेजारच्या बाई म्हणाल्या, खत कमी पडतंय. मावशीनं मूठभर डीएपी टाकलं. कुणी म्हणालं, ऊन फार आहे, पाणी वाढवा. ती सकाळ-संध्याकाळ बुंध्याशी बादली ओतू लागली. झाड आणखीच खंगलं.

लिंबूवर्गातलं कोवळं झाड का झुरतंय हे ओळखणं अवघड जातं, कारण हे झाड उशिरा बोलतं. संत्रं, मोसंबी, कागदी लिंबू ही सगळी सदाहरित. एकेक पान वर्ष-दीड वर्ष टिकतं. आज जे पान पिवळं दिसतंय त्याचं दुखणं महिन्या-दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते पानात नसतंच, मातीखाली असतं. आपण मात्र पान पाहून आजच्या आज उपाय करायला धावतो. माझ्या पाहण्यातली जितकी कलमं दगावली त्यांतली निम्मी तरी अशा घाईच्या उपायांनी दगावली.

रायपूर काही वाळवंट नाही. जैसलमेरला वर्षभरात जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो, रायपूरला बाराशेच्या आसपास. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मार्चपासून मृगापर्यंत इथली हवा वाळवंटाला शोभेल अशी असते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणं नवलाचं नाही, आणि २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पहिले नऊ दिवस, ज्यांना छत्तीसगडमध्ये नवतपा म्हणतात, लोक कामाशिवाय घराबाहेर पडत नाहीत. झाडाला तशी सोय नाही. तीन महिने भाजून निघाल्यावर तेच झाड एकदम चिखलात उभं राहतं. वाळवंटातल्या बागायतदाराला एकाच शत्रूशी लढायचं असतं. रायपूरच्या कलमाला एका वर्षात दोन परस्परविरोधी दुखणी होतात, आणि दोन्हींची लक्षणं पानावर सारखीच दिसतात: मलूलपणा, पिवळेपणा, पानगळ.

हे झाड मुळात अशा हवेतलं नव्हेच. २०१८ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत लिंबूवर्गाच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार या कुळाचं माहेर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी आहे. आसाम, उत्तर म्यानमार, युनानचा पश्चिम भाग. दमट हवा, उतारावरून वाहून जाणारं पाणी, पालापाचोळ्यानं झाकलेली जमीन. पाऊस भरपूर, पण मुळाशी तळं नाही. नागपूरकडे संत्री अठराव्या शतकात भोसल्यांनी औरंगाबादहून आणली असं मानलं जातं, आणि त्याच शतकात, १७४१ पासून, भोसल्यांचं सैन्य छत्तीसगडात उतरलं. रायपूरमधला तात्यापारा आजही त्या जुन्या मराठी येण्याजाण्याची आठवण देतो. संत्र्यानं विदर्भात जीव धरला, पण माहेरच्या सवयी सोडल्या नाहीत. पंचवीस-तीस अंशांत ते खुशीत वाढतं, आणि पारा अडतीस-एकोणचाळीसच्या पुढे गेला की वाढणं जवळजवळ थांबवतं.

म्हणून दुपारचं पान पुरावा म्हणून धरू नये. कडक उन्हात, कोरड्या वाऱ्यात पानावरची सूक्ष्म रंध्रं मिटतात. मुळाशी पाणी असलं तरी ते तेवढ्या वेगानं वर चढत नाही. पान दुमडतं, ऊन झेलणारी बाजू कमी करतं. हे झाडाचं शहाणपण आहे. खरी तपासणी पहाटे. रात्रभरात मुळांनी पाणी वर पोचवलेलं असतं. सूर्य उगवायच्या आधी पान सपाट, ताठ, हाताला गार लागलं, तर दुपारच्या मलूलपणाची काळजी नको. पहाटेही पान दुमडलेलंच असेल, तर मुळांशी काहीतरी बिघडलं आहे. एक तर तिथे पाणी नाही, किंवा पाणी आहे पण ते उचलणारी मुळं उरलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेचारला उठून आम्ही दोघं अंगणात गेलो. मावशीच्या हातात चहाचा कप, माझ्या हातात मोबाइलचा दिवा. पानं दुमडलेलीच होती.

मग पानांची पाहणी. पिवळं पान फांदीवर कुठे आहे, हे पिवळेपणापेक्षा महत्त्वाचं. नत्र, मॅग्नेशियम, पालाश ही द्रव्यं झाडात हलवता येतात. कमतरता पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून घेतं आणि नव्या पालवीला देतं, घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या ताटातलं लेकरांना वाढावं तसं. त्यामुळे नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडतात. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानाच्या देठाकडे हिरव्या रंगाचा त्रिकोण राहतो आणि बाकीचं पान पिवळं होतं. लोह आणि जस्त मात्र एकदा पानात बसले की हलत नाहीत. त्यांची टंचाई नव्या पालवीवरच दिसते. लोहाच्या टंचाईत कोवळं पान फिकट पिवळं, जवळजवळ पांढरटही होतं, आणि त्यावर शिरांचं बारीक हिरवं जाळं उठून दिसतं. जस्त कमी असेल तर पानं बारीक, अरुंद, दाटीनं आलेली, आणि शिरांच्या मधले पट्टे पिवळे. मधल्या शिरेच्या एका बाजूला एक नक्षी आणि दुसऱ्या बाजूला भलतीच, असे बेढब डाग दिसले तर मनात ग्रीनिंगची शंका आणावी. सिट्रस सायला नावाची बारीक कीड हा जिवाणूजन्य रोग पसरवते आणि त्यावर औषध नाही. तिथे अंदाजावर न थांबता जाणकाराला पान दाखवावं.

मावशीच्या झाडाची जुनी पानं हिरवी होती, फक्त टोकं आणि कडा तपकिरी जळलेल्या. नवी पानं पिवळी, त्यांवर हिरवं जाळं. म्हणजे दोन तक्रारी. नव्या पानाला लोह मिळत नव्हतं, आणि जुन्या पानांच्या कडेला क्षार साठत होते. पान पाणी हवेत सोडतं, क्षार मागे राहतात, आणि ते प्रवाहाच्या शेवटी, टोकाला आणि कडेला गोळा होऊन पेशी जाळतात. केवळ उन्हानं पान करपतं तेव्हा डाग पश्चिमेकडे तोंड केलेल्या पानांच्या मध्यावर, ऊन थेट पडतं तिथे येतो. इथे चारही दिशांच्या पानांच्या कडा सारख्या जळल्या होत्या.

“मावशी, पाणी कुठलं घालतेस?”

“कूलरचं, आणि त्या आरओच्या नळीतून येतं ते. फेकून द्यायचं का रे एवढं पाणी? जिवावर येतं.”

पाणी फेकणं जिवावर येणाऱ्या माणसाविषयी मला आदरच आहे. पण इथे रायपूरचा भूगोल आडवा येतो. हे शहर बऱ्याच अंशी चुनखडकावर वसलेलं आहे. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाचा हा खडक. तिल्दा, बैकुंठ, बलौदाबाजार या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच खडकामुळे. त्या खडकातून झिरपलेलं पाणी बोअरवेलमधून वर येतं तेव्हा ते जड असतं. किटलीच्या बुडाला बसणारा पांढरा थर त्याचीच खूण. आता हे पाणी कूलरमध्ये भरा. कूलर थंडावा देतो तो पाण्याची वाफ करून, आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत. टाकीतलं निम्मं पाणी उडालं की उरलेल्यात क्षार दुप्पट. त्यात रोज नवीन पाणी, म्हणजे नवे क्षार. आठवडाभरानं आपण जे पाणी मोकळं करतो ते सोडियम आणि क्लोराइडच्या दृष्टीनं कितीतरी दाट झालेलं असतं. आरओचा हिशेब सौम्य आहे. चार लिटर पाण्यातून एक लिटर शुद्ध निघालं, तर चार लिटरचे क्षार उरलेल्या तीन लिटरमध्ये मावतात, म्हणजे सुमारे एक तृतीयांशानं वाढ. मूळ पाणी सौम्य असेल तर बोगनवेल, कण्हेर यांना त्याचं काही वाटत नाही. संत्रं या बाबतीत फळझाडांतलं फार हळवं झाड. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मीटरला १.७ डेसिसायमनच्या पुढे गेली की त्याचं उत्पादन घसरू लागतं असं जगभर धरलं जातं.

लोहाचं कोडं याहून गमतीचं. मावशीच्या अंगणात घर बांधताना भर टाकली होती ती लाल मुरमाची. छत्तीसगडचा शेतकरी मातीला चार नावं देतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. भाठा म्हणजे उंचवट्यावरची लाल, खड्यांची, आपण बरड म्हणू अशी जमीन. कन्हार म्हणजे काळी चिकण. भाठ्याचा लाल रंग लोहाच्या गंजाचाच. म्हणजे झाड लोहात पाय रोवून उभं होतं आणि लोहावाचून पिवळं पडत होतं. गंजरूपातलं लोह विरघळल्याशिवाय मुळाला घेता येत नाही, आणि ते विरघळायला माती किंचित आम्ल लागते. भाठ्याची माती मुळात तशी असतेही. पण बांधकामाचा चुना-सिमेंट तिच्यात मिसळलेला, वर वर्षभर चुनखडकाचं पाणी. मातीचा सामू साडेसात-आठच्या पुढे सरकला की लोह कुलूपबंद होतं. पाणी तुंबून मुळांची हवा कोंडली तर हे आणखी बळावतं. वरून टाकलेल्या डीएपीतलं स्फुरद लोह आणि जस्ताला आणखी धरून ठेवतं. म्हणून पिवळ्या झाडाला, तेही मे महिन्यात, खत देऊ नये. ज्याची मुळं धड नाहीत त्याला जेवण वाढण्यात अर्थ नाही.

एवढं पानांवरून कळलं. पण पहाटेचं दुमडलेलं पान मातीखाली बोलावत होतं. लोखंडी सळई घेऊन बुंध्यापासून वीतभर अंतरावर दाबली. ओल्या मातीत सळई सहज जाते, कोरड्या थराशी अडते. बाहेरच्या मुरमात ती हातभर खाली गेली, चिखल लागला. कलमाच्या मूळ गोळ्यात टेकवली तर दोन बोटांवर थांबली. दिवसाला दोन बादल्या पाणी पिणाऱ्या झाडाच्या पोटातली माती कोरडी ठाक होती.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांतून संत्र्याची कलमं अनेक राज्यांत जातात. ती वाढलेली असतात विदर्भाच्या काळ्या मातीत. काळी माती वाळली की आकसते, दगडासारखी घट्ट होते आणि गोळ्याभोवती फट पडते. पुढचं पाणी त्या फटीतून थेट मुरमात उतरतं. गोळा आतून भिजत नाही, बाहेर चिखल होतो. मुळं काळ्या गोळ्याच्या भिंतीबाहेर पडायला कचरतात, जी पडतात ती गुदमरतात. एकाच झाडाची अर्धी मुळं तहानलेली आणि अर्धी कुजलेली, असं सापडतं ते यामुळे. लावतानाच खड्ड्यातल्या मातीत कुजलेलं शेणखत आणि थोडी काळी माती कालवून, गोळ्याचे काठ बोटांनी हलके मोकळे करून लावलं असतं तर ही भिंत उभी राहिली नसती.

बोटांनी माती उकरून काही तंतुमुळं बाहेर काढली. निरोगी मूळ फिकट, टणक असतं. ही तपकिरी होती, आणि चिमटीत धरून ओढली तर साल मोज्यासारखी निघून आली, हातात दोऱ्यासारखा गाभा राहिला. ही फायटोफ्थोराची सही. लिंबूवर्गाच्या मुळांना केसमुळं अगदी थोडी, मातीतल्या उपकारक बुरशीच्या मदतीनं ती अन्नपाणी घेतात. तंतुमुळं गेली की झाडाचं तोंडच बंद.

फायटोफ्थोरा हे नाव जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी १८७६ साली दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वनस्पतींचा नाश करणारा. १८४०च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाटा सडून दुष्काळ पडला, तो याच्याच एका जातीमुळे. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण त्याचं नातं शेवाळांशी अधिक जवळचं. त्याचे बीजाणू दोन शेपट्या हलवत पाण्यातून पोहतात. त्यांना वाट हवी ती पाण्याची. बुंध्याशी दिवसभर पाणी उभं ठेवणं म्हणजे त्यांच्यासाठी कालवा खोदणं. मुळं खाऊन झाली की ते सालीत शिरतं, आणि बुंध्यावर तपकिरी डिंकाचे थेंब येतात. विदर्भात याला डिंक्या म्हणतात, आणि बागाच्या बागा त्यानं बसलेल्या पाहिलेल्या शेतकऱ्याला हा शब्द उच्चारायलाही नको वाटतो.

यावरचा उपाय शंभराहून अधिक वर्षं जुना आहे. फ्रान्समधल्या बोर्दो भागात द्राक्षमळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, जाणाऱ्या-येणाऱ्यानं द्राक्षं तोडू नयेत म्हणून. नेमक्या त्याच वेली केवड्यातून वाचल्या हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, आणि १८८५ साली त्यानं बोर्दो मिश्रण प्रसिद्ध केलं. द्राक्षाचा केवडा हा फायटोफ्थोराचाच भाऊबंद. आजही नागपूर भागात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर संत्र्याच्या बुंध्यांना निळसर मलम फासलेलं दिसतं ते बोर्दो: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, धातूच्या भांड्यात नाही.

आमच्या झाडाला अजून डिंक आला नव्हता. पण आणखी एक गोष्ट दिसली. कलमाचा सांधा, म्हणजे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधलेली जागा, जमिनीपासून वीतभर वर हवी. अधूनमधून थोडी भर, थोडं शेणखत, असं करत मावशीनं ती मातीत गाडली होती. जंबेरीचा खुंट वापरतात तो त्याच्या जोमासाठी. सांधा मातीखाली गेला की संत्र्याची नाजूक साल ओल्या मातीला टेकते आणि रोगाला खालून दार उघडतं.

किडींचा प्रश्न इथे नव्हता, पण नव्या पालवीवर त्या येतातच. पानावर चंदेरी नागमोडी रेघ दिसली तर नागअळी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी म्हणजे लिंबावरच्या फुलपाखराची. चार-सहा अळ्या हातानं वेचून टाकाव्यात. अंगणातल्या एका झाडासाठी फवारणी लागत नाही.

आम्ही केलं ते एवढंच. सांध्यापर्यंतची माती हलक्या हातानं काढली. बुंध्याला लागून छोटा उंचवटा केला आणि त्याच्या बाहेर गोल आळं खणलं, बांगडीसारखं. विदर्भात याला दुहेरी आळं म्हणतात. पाणी बांगडीत राहतं, बुंधा कोरडा राहतो. काळ्या गोळ्याला सळईनं जपून भोकं पाडली. मग खारून नदीवरून येणारं महानगरपालिकेच्या नळाचं पाणी, बोअरवेलपेक्षा पुष्कळ सौम्य, पहिल्यांदा सावकाश धार लावून दिलं, साठलेले क्षार मुळांच्या खाली उतरावेत म्हणून. त्यानंतर पाणी रोज नाही. वीतभर खाली सळई अडायला लागली की मगच, पण खोलवर. जमिनीवर चार बोटं जाडीचा पैरा पसरला. भाताच्या पेंढ्याला छत्तीसगडात पैरा म्हणतात, आणि या भातखाचरांच्या प्रदेशात त्याची वाण नाही. तो बुंध्यापासून हातभर लांब ठेवला. पश्चिमेला बांबूवर जुनं लुगडं ताणलं. खोडाला चुना लावला, कारण पानं गळाल्यावर उघड्या सालीला दुपारचं ऊन फोडतं. बोर्दो मलम पावसाआधी. खत दसऱ्यापर्यंत बंद. लोहासाठी, पालवी आली तरच, संध्याकाळी अर्ध्या टक्क्याची फेरस सल्फेटची फवारणी. आणि मातीचा नमुना रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे द्यायचा ठरला. सामू आणि क्षार यांचा आकडा हातात असला की अंदाज करत बसावं लागत नाही.

कूलरचं पाणी मावशीनं कण्हेरीला घालायला सुरुवात केली.

ऑगस्टच्या मध्यावर तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “अरे, फुटवा आलाय! टपोरा, हिरवागार, हातभर वाढलाय बघ आठवड्यात.”

मी विचारलं, कुठून फुटलाय? सांध्याच्या वर की खाली? ती छत्री घेऊन अंगणात गेली. पाऊस फोनमध्येही ऐकू येत होता. खालून, म्हणाली. काटे? मोठाले. “मावशी, एक पान चुरगळून वास घे.”

थोडा वेळ नुसता पाऊस.

“लिंबाचा येतोय रे,” ती हळू आवाजात म्हणाली.

जंबेरी. आजारी संत्र्याखालून खुंटच वर यायला लागला होता, आणि वाढू दिला असता तर वर्षभरात अंगणात सुंदर, काटेरी, बियांनी भरलेल्या आंबट फळांचं झाड उभं राहिलं असतं. मी सांगितलं तसं तिनं पाऊस उघडल्यावर तो फुटवा खोडालगत कापला आणि जखमेवर बोर्दो लावलं. त्या संध्याकाळी तिनं फोटो पाठवला तो कापलेल्या जागेचा नव्हता. सांध्याच्या वर चार बोटांवर, जुन्या पानाच्या बगलेत, तांदळाच्या दाण्याएवढा एक हिरवा डोळा फुगला होता.